बझर वाजवायचा की वीट भिजवायची?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सांगलीच्या गावभागातून एका आईंनी लिहिलं आहे. मुलगी आठवीत, सेमी इंग्रजीला. शाळेचं विज्ञान प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं आहे आणि त्यातले निवडक प्रयोग पुढे तालुक्याला जाणार आहेत. यांच्या घरात 2019 च्या पुराचं पाणी शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर त्याची मातकट रेघ राहिली, पण ओल त्या रेघेच्याही हातभर वर चढली. आजही त्या भिंतीचे पोपडे निघतात, पांढरा लोणा धरतो. “पाणी खाली वाहतं ना, मग हे वर कसं गेलं?” हा मुलीचा प्रश्न, आणि तिला प्रदर्शनात हेच मांडायचं आहे. वडील म्हणतात, “ओली भिंत बघायला कोण येतंय? काहीतरी हलतं-वाजतं पाहिजे.” पूर आला की बझर वाजेल असं मॉडेल ओळखीचा एक इलेक्ट्रॉनिक्सवाला चार हजारांत करून द्यायला तयार आहे. गेल्या वर्षी शेजारच्या मुलाचा तसल्याच मॉडेलवर नंबर आला होता. शाळेतल्या बाईंनाही ‘वर्किंग मॉडेल’ हवं आहे. आई लिहितात, “माझं बीकॉम झालंय, मला विज्ञानातलं काही कळत नाही. मुलगी हट्टाला पेटली आहे, मिस्टर घुश्शात आहेत. मी कुणाची बाजू घेऊ? आणि मदत करायची तर कितपत करायची?”

ताई,

आधी तुमच्या मिस्टरांची बाजू घेते. कृष्णेकाठी राहणाऱ्या माणसाला पुराची सूचना देणारं यंत्र सुचावं यात नवल नाही, आणि दिखाऊपणा तर नाहीच नाही. पावसाळ्यात तुमच्याकडे सकाळच्या चहाआधी एकच चौकशी असते, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची: आयर्विनला किती फूट झालं? 40 ला इशारा, 45 ला धोका, हे आकडे नदीकाठच्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ. 2019 ला पाणी 57 फुटांच्या घरात गेलं. त्या आठवड्यात गहू, गाद्या, सिलिंडर ज्यांनी वर चढवले त्यांत तुमचे मिस्टर असणारच. तेव्हा ‘यांना फक्त नंबर हवाय’ असं धरून चालू नका. वेळेवर कुणीतरी सांगायला हवं होतं, ही हळहळ त्या बझरमागे असू शकते. एकदा निवांत विचारून बघा. वाद मॉडेलवरून चाललाय खरा, पण बापलेक दोघंही त्याच भिंतीबद्दल बोलतायत.

आता बझरकडे वळते. त्याची रचना साधी आहे. पेल्यात दोन उघड्या तारा ठेवायच्या, पाणी दोन्हींना टेकलं की त्यातून किंचित वीज वाहते, तेवढ्यावर ट्रान्झिस्टर बझरचा प्रवाह चालू करतो. आठवीच्या मुलीला एका रविवारात समजेल आणि जमेलही. तिला स्वतःला ते करावंसं वाटलं असतं तर मी हे पत्र दोन ओळींत उरकलं असतं. अडचण विकत आणण्यात आहे. शाळांच्या प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जाते तेव्हा हा पुराचा बझर मला हमखास भेटतो, कधीकधी एकाच रांगेत दोनदा. एका मुलाचा वाजेना. बॅटरीची क्लिप निघाली होती आणि लाल तार लोंबत होती. त्याने ती चिमटीत धरली, माझ्याकडे पाहिलं, मग मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिलं. मुलगा चांगला चुणचुणीत होता. तार कुठे जाते हे त्याला कुणी कळूच दिलं नव्हतं, एवढंच.

शिवाय सांगलीचा पूर असा एकाएकी दारात येऊन दचकवत नाही. वर कोयनेच्या खोऱ्यात पाऊस लागून राहतो, धरणाचा विसर्ग वाढतो आणि पाणी तासातासाने चढत इथवर पोचतं. उंबऱ्याशी लावलेला बझर वाजेल तोवर अख्खी गल्ली जागी झालेली असेल. मिस्टरांना सूचनेचाच ध्यास असेल तर त्यांच्यासाठी याहून मोठं काम आहे. पावसाळ्यात कोयनेचा विसर्ग किती क्युसेक आणि आयर्विनची पातळी किती, हे दोन्ही आकडे रोजच्या रोज जाहीर होतात. ते मुलीबरोबर एका आलेखावर मांडायचे आणि विसर्ग वाढल्यावर पुलापाशी पातळी किती तासांनी ‘हलते’ ते शोधायचं. मधल्या पावसामुळे हिशेब चुकेल, हरिपूरला कृष्णेला मिळणाऱ्या वारणेमुळे आणखी चुकेल, आणि तो का चुकतो हे शोधण्यातच खरी मजा आहे. पुढच्या वर्षीचा प्रकल्प त्यांच्या नावावर राखून ठेवा.

नंबराचं म्हणाल तर, शाळेच्या पातळीवर लुकलुकणारे दिवे बऱ्याचदा जिंकतात हे मी नाकारत नाही. परीक्षकाकडे वेळ थोडा असतो आणि टेबलं खंडीभर. वरच्या पातळीवर मात्र निकष कागदावर असतात. एनसीईआरटीच्या मार्गदर्शक सूचनांत कल्पकता, नावीन्य, वैज्ञानिक विचार, हाताचं कसब, समाजाला उपयोग, कमी खर्च, टिकाऊपणा आणि मांडणी असे मुद्दे येतात. जास्त पैसे घातले म्हणून गुण कुठेच नाहीत, कमी घातले म्हणून आहेत. तरी विटांना नंबर मिळेलच असं आश्वासन मी देणार नाही. नाही मिळाला तर मुलगी एक दिवस खट्टू होईल. विकतच्या मॉडेलला मिळाला तर ढाल तिच्या हातात येईल, पण ती कशासाठी मिळाली हे तिला सांगता येणार नाही. कोणतं परवडेल ते तुम्ही ठरवा.

‘हट्ट’ हा शब्द मात्र मला पटला नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत ‘मुलासाठी एखादा विषय सुचवा’ असंच असतं. तुमच्या मुलीला विषय स्वतःहून सापडलाय, तोही घरच्या भिंतीत. तुम्हाला बाजू घ्यायची गरजच नाही. तिला हवं आहे ते वेगळंच: हा प्रश्न फूटपट्टीने मोजता येईल असा करायला कुणीतरी सोबत बसणारं.

आणि इथे तुमचं बीकॉम उपयोगी पडतं. प्रयोगाची वही ही रोजकीर्दच असते. ज्या दिवशीचा व्यवहार त्याच दिवशी लिहायचा, तारीख-वेळ टाकायची, खाडाखोड करायची नाही; चुकलं तर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहायचा, जुना दिसला पाहिजे. आकडा मागून आठवून भरला की ऑडिटर ओळखतो, तसा बरा परीक्षकही ओळखतो. ही शिस्त तुम्ही लावू शकता आणि त्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. नीट फेअर केलेल्या, कव्हर घातलेल्या वहीपेक्षा पाण्याचे डाग पडलेली कच्ची वही टेबलावर ठेवा, तिला वजन असतं.

मुलीच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत, ते तिला सुटे करायला सांगा. एक, पुराच्या वेळी ओल रेघेच्या वर का गेली? दुसरा, इतक्या वर्षांनंतरही ती भिंत का धड होत नाही? पहिल्याचं उत्तर तिच्या पुस्तकातल्या केशाकर्षणात आहे. विटेत केसाहून बारीक अशा असंख्य वाटा असतात. पाणी त्यांच्या कडांना चिकटतं आणि स्वतःला वर ओढून घेतं. वाट जितकी अरुंद तितकं ते उंच जातं. 1 मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे 3 सेंटिमीटर चढतं, नळी दहापट बारीक केली तर सुमारे 30. विटेतली छिद्रं त्याहूनही बारीक असतात, मग ओल माळवदापर्यंत का जात नाही? कारण ती चढता चढता भिंतीच्या पृष्ठभागावरून वाळतही असते. खालून येणारं आणि हवेत जाणारं पाणी जिथे सारखं होतं तिथे ओल थांबते.

दुसऱ्या प्रश्नात मीठ येतं. पाणी माती-विटांतले क्षार विरघळवून वर नेतं, स्वतः उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. त्याचे खडे गिलाव्याच्या आत फुगतात आणि गिलावा सुटतो. अंगठ्याने दाबलं की भाकरीच्या पापुद्र्यासारखा निघतो तो हाच भाग. यातले काही क्षार पावसाळी हवेतलं पाणीही ओढून घेतात, म्हणून पूर नसलेल्या वर्षीसुद्धा ती भिंत ऑगस्टमध्ये घाम आल्यासारखी दिसते. नंतर त्या भिंतीला काय केलंत ते पत्रात नाही. पोपडे झाकायला ऑइल पेंट मारला किंवा टाइल्स लावल्या असतील तर ओलीची वाळण्याची वाट बंद झाली, मग ती झाकलेल्या भागाच्या वर निघते. पुष्कळ घरांत हेच होतं. जुन्या वाड्यांना काळ्या दगडाचं जोतं असायचं ते उगाच नाही. काळा दगड पाणी जवळजवळ पीत नाही. हल्ली गवंडी जोत्यावर डीपीसीचा थर देतात तोही ओलीची वाट अडवायलाच. मुलीला एखाद्या जुन्या गवंड्याशी बोलू द्या. त्याच्याकडून तिला मिळेल ते पुस्तकात मिळणार नाही.

आता प्रत्यक्ष करायचं काय. भट्टीवरच्या तीन लाल विटा, तीन सिमेंटचे ब्लॉक आणि जमलं तर तीन वजनाने हलके, आत बारीक भोकं असलेले एएसी ब्लॉक. प्रत्येकी तीन अशासाठी की एकटी वीट फसवते. एखादी जास्त भाजलेली काळपट निघते आणि पाणीच घेत नाही. तशी निघाली तर लपवू नका, उलट वहीत ठळक लिहू द्या. ब्लॉक विटेएवढ्या मापाचे कापून घ्या, हे काम मिस्टरांचं. सगळ्यांना चार-पाच दिवस कडक ऊन दाखवा. डिसेंबरचं ऊन त्याला छान आहे.

परातीत प्रत्येक वीट आडवी नाही, आखूड बाजूवर उभी करायची. खाली बाटलीची दोन बुचं ठेवायची म्हणजे पाणी तळातून शिरेल. 25 मिलिमीटर पाणी ओतायचं, पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने शून्य लिहायचं आणि पातळी उतरली की पुन्हा तेवढीच करायची. कोरडी वीट फिक्या शेंदरी रंगाची असते, ओली झाली की गडद होते. दोन रंगांमधली ती सीमा वर सरकताना डोळ्यांनी दिसते. 15 मिनिटांनी, 1 तासाने आणि 4 तासांनी त्या सीमेवर पेन्सिलची रेघ मारायची, चारही बाजूंनी मोजून सरासरी घ्यायची. राखाडी ब्लॉकवर रंगाचा फरक कमी दिसतो, तिथे पंख्याखाली न ठेवता खिडकीच्या उजेडात तिरकं बघायचं आणि प्रत्येक वेळी अंग पुसून वजनही करायचं. विटेचं वजन साधारण तीन किलोच्या आसपास असतं, किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा चालेल. पाण्यात शाई घालण्याचा मोह कुणीतरी करेल, करू देऊ नका. शाईचा रंग विटेला चिकटून मागे राहतो, पाणी पुढे गेलेलं असतं आणि मोजमाप खोटं पडतं.

एक गोष्ट मी तुम्हाला सांगते, तुम्ही तिला सांगायची नाही. ओल सारख्या वेगाने चढत नाही. वेळ चौपट झाली की उंची साधारण दुप्पट होते, म्हणून तर 15 मिनिटं, 1 तास, 4 तास अशा वेळा दिल्या. आठवीत वर्गमूळ आलेलं आहे. आकडे समोर ठेवून ती स्वतः ‘आई, हे दुप्पट-दुप्पट होतंय’ म्हणाली तर काय सांगावं! नाही म्हणाली तरी वही तिची आहे. एएसी ब्लॉकच्या बाबतीत तिला आधी अंदाज लिहायला लावा. एवढी भोकं म्हणजे पाणी धो-धो चढणार, असंच कुणालाही वाटतं. अंदाज आणि आकडा जुळला नाही तर तिथेच प्रयोगाला धार येते.

वाळण्याचा मुद्दा दाखवायला विटा नकोत, जुन्या धोतराच्या दोन सारख्या पट्ट्या पुरतात. दोन्ही उभ्या टांगायच्या, खालची टोकं पाण्यात. एक उघडी, दुसरी पेप्सीकोल्याच्या लांब प्लास्टिक पिशवीतून ओवलेली. दुसऱ्या दिवशी कुठली ओल जास्त उंच गेली ते बघायचं. ऑइल पेंटचा घोळ यात कुणालाही समजतो, परीक्षकालाही.

तिला एवढंही सांगा की ती काही खुळ्यासारखं करत नाहीये. विटा तपासायचं भारतीय मानकच आहे, आयएस 3495. त्यात वीट 24 तास पाण्यात बुडवून वजन किती वाढलं ते बघतात, आणि साध्या विटेत ही वाढ 20 टक्क्यांच्या वर जाऊ नये असं आयएस 1077 म्हणतं. वरच्या प्रयोगातलं 25 मिलिमीटर पाणीही मी मनाचं सांगितलेलं नाही. लोणा तपासण्याच्या चाचणीत वीट तेवढ्याच पाण्यात उभी करतात.

बाईंचं काय करायचं? त्यांच्यावर रागावू नका. एका वर्गाची साठ पोरं, वर ऑनलाइन माहिती भरायची, त्यात ‘वर्किंग मॉडेल’ म्हटलं की निदान थर्माकोलचा देखावा तरी येत नाही, एवढाच त्यांचा हिशेब असतो. तुम्ही जाऊ नका, मुलीला पाठवा. अर्ध्या पानावर लिहून: माझा प्रश्न काय, मी काय मोजणार, सामान काय लागेल. आणि ‘बाई, विटेत पाणी चढताना टेबलावर दिसेल’ हे वाक्य तिने नक्की म्हणायचं. हेही चालतं मॉडेल आहे, फक्त वायरी नाहीत. यंदाच्या मुख्य विषयात आणि उपविषयांत हे कुठे बसतं तेही बाईंनाच विचारू दे. पाणी, आपत्ती व्यवस्थापन, पर्यावरण असं काही ना काही बहुतेक असतं. दोघींना मिळून करायची मुभा असेल तर मैत्रीण जरूर घ्यावी. एक मोजते, दुसरी लिहिते, आणि घोळ निम्मा होतो.

प्रदर्शनाच्या दिवशीची एक युक्ती. परीक्षक कधी येतील याचा नेम नसतो. दहाची वेळ म्हणजे जेवणानंतर, असं समजून चला. म्हणून कोरड्या विटा जास्तीच्या न्यायच्या आणि थोड्या थोड्या अंतराने पाण्यात उभ्या करत राहायचं. मग परीक्षक केव्हाही आले तरी टेबलावर एक नुकती भिजू लागलेली, एक अर्धी चढलेली, एक वरपर्यंत गेलेली अशा विटा शेजारी शेजारी असतील. प्रत्येकीसमोर ‘पाण्यात ठेवल्याची वेळ’ लिहिलेली चिठ्ठी. सोबत कोरडं फडकं आणि वर्तमानपत्रं न्या, परात हमखास सांडते. विटा रिक्षाने न्या, दप्तरातून नको. मागे लावायच्या तक्त्याला जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं पुरेत. तक्त्यावर तीनच गोष्टी: मोजायची टेप लावून काढलेला घरच्या भिंतीचा फोटो, आकड्यांचा तक्ता, आलेख. फोटोत पुराची रेघ आणि ओलीची रेघ दोन्ही आल्या पाहिजेत.

बोलण्याचं म्हणाल तर ‘माननीय परीक्षक, माझ्या प्रकल्पाचे नाव’ ही कॅसेट नको. तिने जमिनीपासून हात वर करून दाखवावं: आमच्या घरात पाणी इथपर्यंत होतं, ओल इथपर्यंत गेली, का गेली ते मी शोधत होते. एवढ्यावर परीक्षक थांबतो. पुढचं त्याच्या प्रश्नांवर सोडून द्या. सराव आजीसमोर करू दे, कारण आजी मधेच अडवून ‘म्हणजे गं काय?’ विचारते, आणि परीक्षकही तेच विचारतो. उत्तर माहीत नसेल तर ‘हे मी तपासलेलं नाही’ म्हणायला शिकवा. माझ्या हातून त्या वाक्याला कधी गुण कापले गेलेले नाहीत.

मदत कितपत, याचं माझं उत्तर असं. उचलणं, कापणं, आणणं, पैसे देणं, काटा मिळवून देणं, परात अडकवून ठेवल्याबद्दल कुरकुर न करणं हे सगळं मोठ्यांचं. फूटपट्टी वाचणं, वहीत लिहिणं, तक्त्यावरची वाक्यं, परीक्षकाला उत्तर देणं हे तिचं. मधे एक अवघड जागा येते: तिचं चुकतंय हे तुम्हाला दिसतंय. वेळ असेल तर चुकू द्या, ती परत करेल. फक्त शेवटचे तीन-चार दिवस राहिले असतील तेव्हा ‘पाण्याची पातळी बघितलीस का?’ असा प्रश्न विचारून थांबा. मिस्टरांना विटांचं काम एकदा हातात दिलंत की रागही बराचसा उतरेल, असा माझा अंदाज आहे. भट्टीवर जाऊन वीट ठोकून आवाज ऐकणं कुठल्या बापाला आवडत नाही?

ज्यांच्या मुलांना अजून प्रश्न सापडलेला नाही अशा घरांसाठी थोडं. यादी शोधत बसू नका, घरातली तक्रार शोधा. भडंग पावसाळ्यात सादळतं, कुठल्या डब्यात सर्वांत उशिरा? हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो आणि धुतल्यावर पुन्हा पिवळा, मग हळदीच्या कागदाने घरातलं काय काय ओळखता येईल? तासगावकडे बेदाणा करताना द्राक्षं वाळत घालण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. न बुडवलेला घड किती दिवस जास्त घेतो? जतच्या मुलाचा प्रश्न वेगळा असेल, शिराळ्याच्या मुलीचा वेगळा. गावातल्याच प्रश्नावर गटाने काम करायचं असेल तर 10 ते 17 वयाच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद आहे, 1993 पासून चालते. नवी कल्पना असेल तर केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर अवॉर्ड मानक’ योजनेची नोंदणी शाळेमार्फत होते, आणि निवड झाली की मॉडेल करायला 10,000 रुपये मुलाच्या खात्यावर येतात. शाळेत विचारा; पुष्कळदा तारीख निघून गेल्यावरच पालकांना कळतं.

आता घाई एकाच गोष्टीची आहे. ओल चढायला तास लागतात, लोणा दिसायला दिवस. विटेत शिरलेलं पाणी पुरतं वाळल्याशिवाय क्षार पृष्ठभागावर येत नाहीत, आणि एकदा वाळल्यावर पुन्हा पाणी घालून दुसऱ्यांदा वाळवावं लागतं. तेव्हा बाकीची जुळवाजुळव होत राहील. हे वाचून झाल्यावर दोन पसरट भांडी काढा, एकात बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर आणि दुसऱ्यात तेच पाणी लिटरमागे दोन चमचे मीठ घालून, दोन्हींत एकेक वीट उभी करा आणि खिडकीपाशी ठेवा. भांड्यावर तारीख मात्र मुलीलाच लिहू द्या.